‘वर्णन पाठवा’ हा अपमान नाही: नॉरफॉकमधल्या पहिल्या हिवाळ्याच्या नोंदींबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रात दहा वर्षं पक्षी पाहिलेले एक गृहस्थ सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये, नॉर्विचजवळ राहायला आले आहेत. नॉरफॉक काउंटीतले (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) निरीक्षक हिवाळाभर एकमेकांना नोंदी कळवतात, तशा त्यांनीही दोन कळवल्या. पहिली नोंद हेन हॅरियरच्या, म्हणजे एका जातीच्या भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या मादीची. तिच्यावर ‘वर्णन पाठवा’ एवढंच उत्तर आलं. दुसरी एका काटेरी झुडपात दिवसा बसलेल्या लाँग-इअर्ड घुबडांची. ती वाचून एका जुन्या निरीक्षकाने ‘जागा आधी काढून टाका’ असं सांगितलं. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनाला लागल्या. शिवाय इथले लोक रोज तीच ती बदकं मोजून आकडे का देतात आणि आपण सुरुवात कुठून करायची, असंही त्यांनी विचारलं आहे.

मी गेली एकोणीस वर्षं या काउंटीत आहे आणि महिन्याच्या पाणपक्षी गणनेतला एक पट्टा माझ्याकडे असतो. पहिल्या हिवाळ्यात माझ्याही तीन नोंदींवर वर्णन मागितलं गेलं होतं. त्यातल्या दोन मान्य झाल्या. तिसरी झाली नाही, आणि ती न होणंच बरोबर होतं, हे पुढे पक्षी नीट कळायला लागल्यावर पटलं.

तुमच्या भोवत्यापासून सुरुवात करू, कारण खरी अडचण तिथे आहे आणि ती तुमच्या अनुभवातूनच आली आहे. आपल्याकडच्या माळरानावर हिवाळ्यात तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा असलेला भोवत्या दिसला, की तो बहुतेक वेळा पॅलिड किंवा माँटेग्यूचा असतो. दहा वर्षं डोळा त्यावरच तयार झालेला असतो. इथे गणित उलटं आहे. इथला माँटेग्यूचा भोवत्या हिवाळ्यात आफ्रिकेत असतो. पॅलिड क्वचित, पण येतो, आणि नॉरफॉकमध्ये त्याने मुक्काम ठोकल्याचीही उदाहरणं आहेत. हेन हॅरियर हा इथला हिवाळी पाहुणा, पण त्याची संख्या रोडावली आहे. आणि या सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा दिसतो तो मार्श हॅरियर. १९७१ साली अख्ख्या ब्रिटनमध्ये त्याची विणीची एकच जोडी उरली होती. आज ब्रॉड्स या इथल्या पाणथळ भागातल्या बोरूबनांवर तो हिवाळ्यातही सहज घिरट्या घालताना दिसतो.

म्हणून ‘भोवत्या, तपकिरी, मादी’ एवढ्यावर काउंटीचा रेकॉर्डर, म्हणजे नोंदी तपासणारा माणूस, काहीच ठरवू शकत नाही. त्याला हवं असतं ते हे: कमरेचा पांढरा पट्टा किती रुंद होता? पंख पसरल्यावर टोकाला किती ‘बोटं’, म्हणजे सुटी दिसणारी पिसं, दिसली? हेन हॅरियरला पाच दिसतात, पॅलिड आणि माँटेग्यूला चार. पंख रुंद आणि उडणं जड होतं, की सडपातळ आणि हलकं? कानामागे गडद पट्टा आणि त्याखाली फिकट गळपट्टा होता का? तसा स्पष्ट गळपट्टा असेल तर तरुण पॅलिडचा विचार करावा लागतो, आणि मग तुमची नोंद साधी राहत नाही, फार महत्त्वाची होते. वर्णन मागितलं जातं ते अशा नोंदी हातून निसटू नयेत म्हणूनही.

वर्णन लिहिण्याची माझी एकच पद्धत आहे. पक्षी दिसेनासा झाला, की पुस्तक किंवा अ‍ॅप उघडण्याआधी वहीत लिहायचं. अंतर किती, ऊन कुठून, दुर्बीण की टेलिस्कोप, किती मिनिटं पाहिला, पक्षी काय करत होता, आणि मग दिसलं ते. दिसलं नाही तेही लिहायचं: ‘पाय दिसले नाहीत’, ‘पंखांची खालची बाजू सावलीत होती’. असं लिहिणाऱ्याच्या शब्दावर रेकॉर्डर जास्त विश्वास ठेवतो. पुस्तक आधी उघडलं, की चित्रातला पट्टा नकळत आपल्या आठवणीतल्या पक्ष्यावर येऊन बसतो. माझी फेटाळली गेलेली नोंद नेमकी अशीच होती. वर्णनात मी लिहिलेली खूण मला त्या अंतरावरून दिसणं शक्यच नव्हतं.

इथली व्यवस्था थोडी समजून घेतलीत तर मनातली सल कमी होईल. प्रत्येक काउंटीला पक्ष्यांचा एक रेकॉर्डर असतो, आणि काउंटीत दुर्मीळ असलेल्या पक्ष्यांची वर्णनं एक छोटी समिती वाचते. देशभरात दुर्मीळ असलेल्यांसाठी राष्ट्रीय समिती आहे, ती १९५९ सालापासून काम करते. नॉरफॉकच्या नोंदी दरवर्षी नॉरफॉक अँड नॉर्विच नॅचरलिस्ट्स सोसायटीच्या पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या अहवालात छापल्या जातात. ही संस्था १८६९ सालची आहे. काउंट्यांच्या प्रशासकीय सीमा बदलत राहतात, म्हणून निसर्गनोंदींसाठी ह्यूएट वॉटसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५२ साली आखलेले ‘व्हाइस-काउंटी’ हे विभाग अजून वापरात आहेत. नॉरफॉकचे असे दोन विभाग होतात, पूर्व आणि पश्चिम. शंभर वर्षांपूर्वीची नोंद आजच्या नोंदीशेजारी ठेवता यावी, हा त्यामागचा हेतू. तुमचा भोवत्या या रांगेत बसणार असेल, तर दारात दोन प्रश्न विचारले जाणारच. पन्नास वर्षं पक्षी पाहणाऱ्यांनाही तेच विचारले जातात.

आता बदकांचे आकडे. माझ्या मते तुमच्या चार प्रश्नांत हाच सगळ्यात मोलाचा आहे.

दुर्मीळ पक्षी एकदा येतो, शंभर लोक त्याला पाहतात, शंभर फोटो निघतात. त्यातून आपल्याला कळतं ते एवढंच, की एक पक्षी वाट चुकला. पण एखाद्या तळ्यावर दर महिन्याला तीच बदकं त्याच जागेवरून मोजली, तर वीस वर्षांत अशा गोष्टी दिसतात ज्या एका दिवसात कुणालाच दिसणार नाहीत. ब्रिटनमध्ये पाणपक्ष्यांची अशी राष्ट्रीय गणना १९४७ पासून चालू आहे. आज ती वेटलँड बर्ड सर्व्हे म्हणून ओळखली जाते. महिन्यातून एकदा, आधी ठरलेल्या रविवारी, देशभरातले स्वयंसेवक आपापल्या पट्ट्यात मोजायला उभे राहतात. ती चालवणारी बीटीओ (ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी) ही पक्षी-अभ्यास संस्था तर तुमच्या काउंटीतच आहे, थेटफर्डला.

बेविक हंसाचं उदाहरण घ्या. हा रशियाच्या आर्क्टिक भागातून येणारा छोटा हंस. ग्लॉस्टरशरमधल्या स्लिमब्रिजला निसर्गतज्ज्ञ पीटर स्कॉट यांच्या लक्षात आलं, की प्रत्येक हंसाच्या चोचीवरचा काळ्या-पिवळ्या रंगांचा आकार वेगळा असतो. १९६४ पासून तिथे एकेक हंस चेहऱ्याने ओळखून नोंदला जातो आहे. ब्रिटनमध्ये येणाऱ्या या हंसांची संख्या गेल्या काही दशकांत फार खाली आली. त्यातला काही भाग खरी घट आहे, आणि काही भाग असा, की हिवाळे सौम्य झाल्यामुळे हंस युरोपच्या मुख्य भूमीवरच, आणखी पूर्वेला थांबू लागले आहेत. हे दोन भाग वेगळे करता येतात ते नेदरलँड्सपासून नॉरफॉकपर्यंत कुणीतरी दर हिवाळ्यात तेच हंस मोजत बसलं म्हणूनच. वेल्नीच्या पाणथळीला तुम्ही गेलात, तर बेविक शोधताना डोळे दुखतील. हूपर हंस मात्र हजारोंनी असतील, ते आइसलँडहून येतात. दोघांचे वेगवेगळे आकडे द्या. ‘हंस, खूप’ ही नोंद नव्हे.

दुसरं उदाहरण बागेतलं आहे आणि मला ते फार प्रिय आहे. ब्लॅककॅप हा खरं तर उन्हाळी पक्षी, वटवट्यांच्या गोतावळ्यातला. पूर्वी हिवाळ्यात तो इथे अगदी तुरळक दिसे. नंतर बागांमधल्या दाणा-चरबीवर तो थंडीत दिसू लागला. लोकांना वाटलं, इथलेच पक्षी मागे राहत असावेत. तसं नव्हतं. हे मध्य युरोपातले, विशेषतः जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडचे पक्षी. त्यांच्यातले काही भूमध्य समुद्राकडे जायचं सोडून वायव्येला, ब्रिटनकडे वळले होते. ही दिशा त्यांच्यात आनुवंशिक आहे, हे पीटर बर्टहोल्ड या पक्षीशास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी १९९२ साली दाखवून दिलं. आणि बागेत ठेवलेल्या खाद्याशी त्याचं नातं कशामुळे पुढे आलं? स्वयंपाकघराच्या खिडकीतून आठवड्याच्या आठवड्याला ‘ब्लॅककॅप, नर, १’ असं लिहिणाऱ्या साध्या माणसांमुळे. तुमच्या घरामागे बाग असेल तर तुम्हालाही हे जमण्यासारखं आहे. जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेची बागेतली गणना असते, १९७९ पासून. एक तास बसायचं आणि प्रत्येक जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले जास्तीत जास्त पक्षी लिहायचे. एकच रॉबिन सहा वेळा आला तरी तो एकच.

मोजणं ही वेगळी कला आहे आणि ती बसून शिकावी लागते. मोठा थवा समोर आला, की जवळजवळ सगळेच कमी अंदाज करतात. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात मी एका ओल्या कुरणावर ‘टिटव्या, साधारण ४००’ असं लिहिलं. (लॅपविंग. आपल्या टिटवीची शेंडीवाली बहीण.) त्या संध्याकाळी थवा उडाल्याचा फोटो संगणकावर मोठा करून एकेक ठिपका मोजला. ११३० भरले. तेव्हापासून मी आधी दहा पक्षी नीट मोजतो, दहाचा तो तुकडा थव्यात केवढा दिसतो हे डोळ्यांत बसवतो, मग शंभराचा तुकडा करतो आणि तो तुकडा थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुढे सरकवत नेतो. मग उलट्या बाजूने पुन्हा. दोन्ही आकडे वहीत राहतात. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ लिहितो, एकेक मोजलं असेल तिथे तसं लिहितो.

गुलाबी पायांच्या कलहंसांसाठी, म्हणजे पिंक-फूटेड गीझसाठी, पहाट गाठावी लागते. आइसलँड आणि ग्रीनलँडहून आलेले हे पक्षी रात्री वॉश या उथळ खाडीच्या चिखलपट्ट्यांवर किंवा किनाऱ्यावर थांबतात आणि उजाडताना शेतांकडे निघतात, शुगर बीट काढल्यावर मागे उरलेले शेंडे खायला. वॉशकाठच्या स्नेटिशमला अंधारात उभं राहून त्यांचा आवाज आधी ऐकू येतो, रांगा नंतर दिसतात. दर रांगेचा आकडा आणि वेळ बोलून फोनमध्ये टिपा, लिहायला उसंत मिळत नाही. एक गोष्ट आवर्जून सांगतो: पौर्णिमेच्या आसपास जाऊ नका. चांदण्यात हे कलहंस रात्रीच शेतात चरतात, सकाळचं उड्डाण विस्कळीत होतं आणि तुमचा आकडा खोटा कमी येतो. त्याच स्नेटिशमला नॉट या छोट्या किनारी पक्ष्यांचे ढग पाहायचे, तर भरतीचं वेळापत्रक पाहून सगळ्यात मोठ्या भरतीचा दिवस निवडा. चिखल पूर्ण बुडाला, की हजारो पक्षी उठून आतल्या तळ्यांवर येतात. भरती लहान असेल तर ते दूर चिखलावरच राहतात आणि टेलिस्कोपमधून राखाडी रेघेपलीकडे हाताला काही लागत नाही. तारखेसोबत भरतीची वेळ लिहिली नसेल, तर किनाऱ्यावरच्या आकड्याचा अर्थ लावणं कठीण जातं.

जे दिसलं नाही तेही नोंदवा, म्हणजे पूर्ण यादी द्या. बीटीओच्या बर्डट्रॅक या ऑनलाइन नोंदवहीत यादी भरताना ‘ओळखता आलेल्या सगळ्या जाती लिहिल्या’ असं सांगता येतं. ते सांगितलंत, की तुमच्या यादीत चिमणी नसणं हीसुद्धा माहिती होते. नुसता शोर लार्कसारखा खास पक्षी लिहून बाकी सोडलंत, तर त्या दिवशी तिथे चिमण्या होत्या की नव्हत्या हे कुणालाच कळणार नाही.

जागेबद्दल थोडंसं. ‘होकमजवळ’ असं नुसतं गावाचं नाव पुरत नाही. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशाची दोन अक्षरं आणि चार आकडे दिले की एक किलोमीटरचा चौकोन मिळतो, सहा आकडे दिले की शंभर मीटरचा. रोजच्या पक्ष्यांना चार आकडे पुरे, एखाद्या खास पक्ष्याला सहा द्या. नॉरफॉकमध्ये बहुतेक वेळा टीएफ किंवा टीजी ही अक्षरं येतील.

आणि नेमकं याच कारणाने घुबडांची जागा काढून टाकायला सांगितलं गेलं. तिथे सहा आकडे उघड देणं हाच धोका आहे. लाँग-इअर्ड घुबडं हिवाळ्यात दिवसभर एकाच झुडपात, एकमेकांजवळ, हालचाल न करता बसतात. त्यांना दिवसा झोप आणि ऊब साठवायची असते. रात्री उंदीर मिळाला नाही, तर दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकायला तेवढीच शिल्लक असते. माणूस जवळ आला की ती अंग बारीक करून ताठ होतात. आपल्याला वाटतं, ‘छान पोझ दिली’. ती भीती असते. सात-आठ वर्षांपूर्वी अशा एका जागेबद्दल मी विश्वासाने दोघांना सांगितलं. आठवड्याच्या शेवटी त्या झुडपाखाली कॅमेरे घेतलेली चौदा माणसं होती, आणि पुढच्या सोमवारी झुडूप रिकामं. पुढचे तीन हिवाळे मी तिथे जाऊन पाहिलं. घुबडं आली नाहीत. त्याची बोच अजून आहे, म्हणून तुम्हाला थांबवणाऱ्या माणसाचा राग धरू नका एवढंच म्हणेन.

१९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातल्या पक्ष्यांना, उदाहरणार्थ गव्हाणी घुबडाला, घरट्याशी मुद्दाम त्रास देणं गुन्हा आहे. हिवाळ्यात विसाव्याला बसण्याच्या जागांची जबाबदारी मात्र बरीचशी आपल्या संयमावर येते. हेन हॅरियरच्या बाबतीत तर ती दुप्पट. इंग्लंडमध्ये आजही या पक्ष्याला बेकायदा मारलं जातं, म्हणून त्याचे रातथारे, म्हणजे रात्री मुक्कामाच्या जागा, कुणीही उघड सांगत नाही. तुमची नोंद वाया जाते असं समजू नका. ती रेकॉर्डरला पूर्ण तपशिलासह पाठवा, बर्डट्रॅकमध्ये ती संवेदनशील म्हणून लपवता येते. बाकीच्यांना सांगताना फक्त ‘पूर्व नॉरफॉक’ म्हणा, किंवा काहीच म्हणू नका. ज्यांना सगळ्यांनी खुशाल पाहावं अशी ठरलेली ठिकाणं आहेत, तिथल्या नोंदी मोकळेपणाने द्या. हिकलिंगजवळ स्टब मिलच्या बांधावरून संध्याकाळी मार्श हॅरियर आणि क्रौंच रातथाऱ्याला येताना दिसतात. तिथे गर्दी झाली तरी पक्षी लांब असतात. क्रौंच या काउंटीत १९७९ साली आपण होऊन परत आले, त्याआधी जवळजवळ चारशे वर्षं ब्रिटनमध्ये त्यांची वीण नव्हती.

वॅक्सविंगचं उलट आहे. उत्तरेत रोवनची फळं कमी पडली की हे पक्षी थव्याने खाली उतरतात, २०२३-२४ च्या हिवाळ्यात आले होते तसे, आणि सुपरमार्केटच्या गाड्यांच्या तळावरच्या लाल फळांच्या झाडांवर बिनधास्त बसतात. ते दिसले तर लगेच सगळ्यांना कळवा. झाड रिकामं झालं की ते पुढे जातात, आणि सकाळची नोंद संध्याकाळी शिळी झालेली असते. मेलेला हंस किंवा बदक दिसलं, तर हात लावू नका आणि सरकारी यंत्रणेला कळवा. २०२१ च्या हिवाळ्यापासून बर्ड फ्लूने इथे फार नुकसान केलं आहे.

सुरुवात कुठून करायची ते सांगतो. घरापासून पायी गाठता येईल असा एक तुकडा निवडा. तळं, नदीचा काठ, दोन शेतं, काहीही. आठवड्यातून एकदा, त्याच वाटेने, साधारण तेवढाच वेळ. डिसेंबरात इथे आठच्या सुमाराला उजाडतं आणि पावणेचारला सूर्य जातो, तेव्हा नोकरी असेल तर शनिवार किंवा रविवारच मिळेल, तोही पुरतो. क्ले, टिचवेल, होकम या नावाजलेल्या जागांना महिन्यातून एखादी फेरी मारा. तिथे मोजणारे आधीच पुष्कळ आहेत. तुमच्या घराशेजारच्या खड्ड्यातल्या तळ्यावर कदाचित कुणीच नाही. पाणपक्षी गणनेत रिकामे पट्टे असतात, स्थानिक संयोजकाला विचारा. पहिले दोन महिने एखाद्या जुन्या मोजणाऱ्याबरोबर उभे राहा आणि दोघांनी आकडे न सांगता वेगवेगळे लिहा, मग ताडून पाहा. याइतकी चांगली शिकवणी मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही.

पक्षी सगळे परके नाहीत, हेही सांगायला हवं. तलवार बदक, थापट्या, चक्रांग, तरंग आणि पाण्यावर मान हलवत फिरणारा वारकरी या जाती तुम्ही आपल्या जलाशयांवर मोजलेल्याच आहेत. तिथे त्या मध्य आशियावरून येतात, इथे बऱ्याचशा उत्तर आणि ईशान्येकडून. तुमचा डोळा त्यांच्यावर तयार आहे, म्हणून पहिले आकडे यांचेच द्या. डिसेंबरातला एखादा रविवार धरून नॉर्विचच्या पूर्वेला, यार नदीकाठच्या बकनमच्या कुरणांवर जा. दुपारी एकला पोचा, तरंग बदकं मोजा, दोन्ही बाजूंनी दोनदा. शिट्टी ऐकून ती ओळखू येतीलच. तीनच्या सुमाराला आकडे लिहून संपवा, पण निघू नका. अंधार पडायच्या आधी रूक आणि जॅकडॉ हे कावळ्यांचे भाऊबंद हजारोंनी कुरणांजवळच्या झाडीत रातथाऱ्याला येतात. त्यांचीही रांग मोजायचा प्रयत्न करा, वेळेसकट, आणि भोवत्याचं वर्णनही त्याच रात्री पाठवून द्या. आठवणीत अजून ताजं आहे तोवर.